आधी वेग, मग सायकल ट्रॅक: छोटं शहर चालण्याजोगं कसं करायचं?

शहरात सायकल ट्रॅक होणार म्हटलं की पुढे काय होतं, हे आता बऱ्याच गावांना पाठ झालं आहे. रस्त्याच्या कडेला लाल नाहीतर हिरवा पट्टा रंगवला जातो, उद्घाटन होतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्या पट्ट्यावर चारचाक्या, हातगाड्या आणि कुणाच्या तरी बांधकामाची वाळू येऊन बसते. पट्टा चौकाच्या अलीकडे, म्हणजे नेमकी सगळ्यात जास्त भीती वाटते त्या जागी संपतो. मग लोक म्हणतात, आपल्याकडे सायकल कोण चालवतं?

हे म्हणणं मला मान्य नाही. चूक सायकलवाल्यांची नाही, कामाच्या क्रमाची आहे. रस्त्यावरचा वेग, गावाच्या पोटातून जाणारी वाहतूक आणि चौकांची रचना या तीन गोष्टी आधी हाताळल्या, तर छोट्या शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर सायकल ट्रॅकची गरजच उरत नाही. आणि या तीन गोष्टींना हात लावला नाही, तर कितीही रंग लावला तरी आई आपल्या पोराला एकटं शाळेत पाठवत नाही.

छोट्या शहराची जमेची बाजू म्हणजे अंतरं. लाख-दीड लाख वस्तीचं आपल्याकडचं जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं गाव घ्या. एसटी स्टँड, बाजारपेठ, कचेरी, सिव्हिल हॉस्पिटल, शाळा-कॉलेजं, सगळं साधारण तीन किलोमीटरच्या आत असतं. सायकल आरामात चालवली तरी तीन किलोमीटरला पंधरा मिनिटं पुरतात. मुंबईत किंवा पुण्यात 'गाडी सोडा' म्हणणं अवघड आहे, कारण तिथे नोकरी वीस किलोमीटरवर असते. सातारा, धाराशिव, वर्धा अशा गावांची अडचण लांबीची नाहीच.

आणि लोक चालत किंवा सायकलने जात नाहीत असंही नाही. २०११ च्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात हे विचारलं होतं. तेव्हा देशात शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांत सायकलने कामाला जाणारे साधारण १३ टक्के होते, म्हणजे दुचाकीवाल्यांपेक्षा किंचित जास्तच, आणि पायी जाणारे त्याहून बरेच जास्त. हे लोक व्यायामासाठी हेल्मेट घालून पहाटे निघणारे नव्हेत. ते यंत्रमागावरचे कामगार, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, धुणीभांडी करणाऱ्या मावशी. त्यांच्यासाठी रस्ता सुरक्षित करायचा आहे, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

वेगाचं गणित

ताशी ३० किलोमीटर आणि ताशी ५० किलोमीटर यांत फरक फारसा वाटत नाही. गाडीत बसलेल्याला तर मुळीच नाही. पण रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी तो जगण्या-मरण्याचा फरक आहे, आणि त्याचं कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे.

समोर मूल आलं हे डोळ्यांना दिसणं आणि पाय ब्रेकवर पडणं यात किमान एक सेकंद जातो. ३० च्या वेगाने गाडी त्या सेकंदात सव्वाआठ मीटर जाते. नंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, आणखी पाचेक मीटरवर थांबते. एकूण तेरा मीटर. आता तीच गाडी ५० ने चालली आहे. पहिल्या सेकंदातच ती जवळजवळ चौदा मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे तेरा मीटरवर मूल उभं असेल, तर ३० वाली गाडी त्याच्या पुढ्यात येऊन थांबते आणि ५० वाली गाडी ब्रेक लागण्याआधीच, पूर्ण वेगात त्याला धडकते. ड्रायव्हर दोन्ही वेळी तितकाच सावध होता.

धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. उंचीच्या हिशेबात सांगायचं तर ३० ने बसलेली धडक म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून, एका मजल्यावरून पडणं. ५० ची धडक दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून. आणि ७० ची सहाव्या मजल्यावरून.

७० हा आकडा मी उगीच घेतलेला नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीची कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे, दुचाकीची ६०. राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेने कमी केली नसेल तर गावातल्या रस्त्यालाही हीच लागू. मोटार वाहन कायद्याचं कलम ११२ ती कमी करण्याचा अधिकार देतं. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्याने सांगितलं की जिथे माणसं आणि वाहनं एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे मर्यादा ३० असावी. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने मुख्य रस्ते वगळून हे १९९२ मध्येच करून टाकलं होतं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. वेग कमी करणं म्हणजे सायकलवाल्यांसाठी दुचाकीवाल्यांना अडवणं, असं लोकांना वाटतं. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते, आणि ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरचे. वेग उतरल्याचा सगळ्यात मोठा फायदा दुचाकीवाल्याच्याच घराला होणार आहे.

पाटी लावून वेग उतरत नाही

'३०' ची गोल पाटी लावली आणि झालं, असं कुठेच होत नाही. माणूस पाटी बघून नाही, रस्ता बघून गाडी हाकतो. रस्ता रुंद, सरळ, मोकळा दिसला की ॲक्सिलरेटर आपोआप पिळला जातो. म्हणून रस्त्याचा आकारच असा हवा की जोरात जाणं अवघड वाटावं.

त्यासाठीचे उपाय साधे आहेत. गाड्यांची मार्गिका साडेतीन मीटरऐवजी तीन मीटरची ठेवायची. वाचलेली जागा फूटपाथला द्यायची. कोपऱ्यावरचं वळण आवळायचं. आपल्याकडे वळणं मोठी गोलाई देऊन केलेली असतात, त्यामुळे डावीकडे वळणारी गाडी वेग न उतरवता वळते आणि तिथेच माणूस रस्ता ओलांडत असतो. गोलाई लहान केली की गाडीला वळताना वेग मोडावाच लागतो. यासाठी चौक फोडून बांधायचीही गरज नाही. आधी खडूने आखायचं, शंकू आणि कुंड्या ठेवून महिनाभर बघायचं, एसटी वळते का, अग्निशमनाची गाडी वळते का ते तपासायचं, मगच काँक्रीट ओतायचं.

स्पीडब्रेकरबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त केला जाणारा आणि सगळ्यात वाईट केला जाणारा उपाय तो आहे. अपघात झाला, लोक चिडले, त्याच रात्री ठेकेदाराने डांबराचा एक हातभर रुंद, टोकदार ढीग टाकला. त्यावर रिक्षातल्या गरोदर बाईचे हाल होतात, म्हाताऱ्यांची पाठ मोडते, आणि रात्री न दिसल्याने दुचाकीवाला उडतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने गतिरोधकाचं माप केव्हाच ठरवून दिलं आहे: १७ मीटर त्रिज्येचा गोलसर उंचवटा, ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच. यावरून ताशी २५ किलोमीटरने गेलं तर धक्का जाणवत नाही, जोरात गेलं तर जाणवतो. आधी पाटी, वर पांढरे पट्टे, शेजारी दिवा. तुमच्या गल्लीतला गतिरोधक मोजून बघा. ३.७ मीटर रुंद निघाला तर नगरसेवकाचे आभार माना.

याहूनही चांगला प्रकार म्हणजे उचललेलं क्रॉसिंग. झेब्रा पट्टे रस्त्यावर न मारता रस्त्याचा तेवढा भागच फूटपाथच्या उंचीला आणायचा, दोन्ही बाजूंना उतार द्यायचा. गाडीसाठी तो गतिरोधक, माणसासाठी सपाट वाट. काठी टेकणाऱ्याला, व्हीलचेअरवाल्याला, बाबागाडी ढकलणाऱ्या आजोबांना चढ-उतार करावा लागत नाही. पावसाळ्यात पाणी तुंबू नये म्हणून दोन्ही कडांना पन्हाळीची सोय मात्र आधीच करावी लागते. ती विसरली की पहिल्याच पावसात लोक क्रॉसिंग उखडायची मागणी करतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पोंतेवेद्राने काय केलं

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गालिसिया प्रांतात, पोंतेवेद्रा नावाचं शहर आहे. वस्ती ८० हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्यापैकी मोठ्या नगरपरिषदेएवढी. नव्वदच्या दशकात तिथली जुनी पेठ गाड्यांनी भरून गेली होती. १९९९ मध्ये मिगेल आन्शो फेर्नांदेस लोरेस हे पेशाने डॉक्टर असलेले गृहस्थ महापौर झाले. पुढच्या प्रत्येक निवडणुकीनंतरही तेच महापौर राहिले.

त्यांच्या लोकांनी आधी एक साधा प्रश्न विचारला: या गाड्या इथे का आहेत? उत्तर असं निघालं की बऱ्याचशा गाड्यांना पेठेत कामच नव्हतं. काही शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला मधला रस्ता वापरत होत्या. काही पार्किंग शोधत गोल गोल फिरत होत्या. उरलेल्या खरोखर कामाच्या: तिथे राहणाऱ्यांच्या, माल उतरवणाऱ्या, रुग्णवाहिका, अपंगांना आणणाऱ्या.

पोंतेवेद्राने पहिल्या दोन प्रकारांना वाट बंद केली आणि तिसऱ्याला मोकळी ठेवली. जुन्या शहरातला सुमारे तीन लाख चौरस मीटर भाग पायी चालणाऱ्यांना दिला. रस्त्यावरचं पार्किंग काढलं, शहराच्या कडेला मोफत पार्किंग दिलं. फूटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणून दगडी फरशी घातली, त्यामुळे गाडीवाल्यालाच आपण पाहुणे आहोत हे कळतं. बाहेरच्या भागात मर्यादा ३० वर आणली, बरेच सिग्नल काढून तिथे छोटे गोल चौक केले. गाडीवर सरसकट बंदी त्यांनी कधीच घातली नाही. तुमची गाडी तुमच्या दारापर्यंत येते, फक्त ती शहर भेदून पलीकडे जाऊ शकत नाही.

परिणाम आकड्यांत सांगतो. ज्या रस्त्यांवर १९९६ ते २००६ या काळात ३० माणसं अपघातांत मेली होती, त्याच रस्त्यांवर पुढच्या दहा वर्षांत तीन मेली. २०१४ मध्ये दुबईत संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेच्या साथीने दिला जाणारा पुरस्कार या शहराला मिळाला.

त्यांची एक युक्ती मला फार आवडते, कारण तिला खर्च छपाईएवढाच आहे. मेट्रोच्या नकाशासारखा दिसणारा एक नकाशा त्यांनी केला. त्यात स्टेशनांच्या जागी चौक, बाजार, दवाखाने, आणि रेषांवर पायी लागणारी मिनिटं. लोकांना कळलं की जिथे जायला आपण गाडी काढतो ते ठिकाण सात मिनिटांवर आहे. आपल्या एसटी स्टँडवर असा फलक लावायला कुठल्याही योजनेच्या मंजुरीची वाट बघावी लागणार नाही.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये हेच वेगळ्या पद्धतीने केलं. शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले. गाडीने एका भागातून दुसऱ्या भागात थेट जाता येत नाही, बाहेरच्या वळणरस्त्यावर येऊन पुन्हा आत शिरावं लागतं. पायी किंवा सायकलवर मात्र सरळ जाता येतं. जवळच्या अंतराला सायकल गाडीपेक्षा लवकर पोचू लागली, मग लोकांनी आपणहून सायकल काढली.

आपल्याकडे हे जसंच्या तसं उचलता येणार नाही, आणि त्याचं मुख्य कारण दुचाकी आहे. युरोपात गल्लीच्या तोंडाशी दोन खांब रोवले की मोटार थांबते, सायकल जाते. आपल्या खांबांमधून ॲक्टिव्हा सहज निघते. खांब आणखी जवळ आणावेत तर व्हीलचेअर अडते, आणि तिला किमान ९० सेंटिमीटर जागा द्यायलाच हवी. तेव्हा आपल्याकडे खांबांचा उपयोग चारचाकी आणि वडाप (शेअर जीप) अडवण्यापुरता धरायचा. दुचाकीसाठी एकेरी मार्ग असे आखायचे की पेठेतून पलीकडे निघण्यात वेळ वाचूच नये, आणि पेठेतला रस्ता एवढा वळणांचा, उंचवट्यांचा ठेवायचा की ती वीसच्या वर जाऊच नये. वीसने जाणारी दुचाकी मला पेठेत चालेल.

बायपास हा आणखी एक आपला विषय. अनेक गावांना बाहेरून बायपास झाला, ट्रक बाहेर गेले, आणि गावातला जुना राज्यमार्ग तसाच चौपदरी, मध्ये दुभाजक, दोन्हीकडे दुकानं असा राहिला. त्याची रचना अजून हायवेचीच, म्हणून वेगही हायवेचाच. बायपास झाल्याच्या दिवशीच जुन्या रस्त्याचा कायापालट सुरू व्हायला हवा. नाहीतर ट्रक गेलेल्या जागी गाड्या आणखी जोरात पळू लागतात.

चौक मोकळा दिसला पाहिजे

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये, हडसन नदीच्या काठी होबोकन नावाचं साठेक हजार वस्तीचं दाट शहर आहे. शेजारच्या जर्सी सिटीत मराठी मंडळी बरीच आहेत, त्यांच्यातल्या अनेकांनी ते पाहिलं असेल. २०१७ च्या जानेवारीनंतर पुढची सात वर्षं तिथे रस्ते अपघातात एकही माणूस मेलं नाही. त्यांनी मुख्यतः चौकांवर काम केलं. चौकाच्या कोपऱ्यालगत गाड्या उभ्या राहू दिल्या नाहीत. खांब, सायकल स्टँड, झाडांच्या कुंड्या ठेवून ती जागाच व्यापली. त्याने ड्रायव्हरला रस्ता ओलांडायला उभा असलेला माणूस लांबून दिसतो, आणि माणसाला गाडी दिसते.

आपल्या चौकात कोपऱ्यावर काय असतं? रिक्षा स्टँड, फ्लेक्स, रसवंतीगृह, आणि उसाच्या मोळ्यांचा ढीग. दहा-बारा मीटर कोपरा मोकळा करायचा आणि रिक्षा स्टँड थोडा पुढे, नीट आखलेल्या जागी न्यायचा, एवढ्याने चौक बदलतो. रिक्षावाल्यांना हुसकावून नाही, जागा देऊन. फेरीवाल्यांनाही तेच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहराला पथविक्रेता समिती नेमायला सांगितलं आहे, त्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी असतात. चालणाऱ्यांच्या नावाने भाजीवालीला उठवणं मला मुळीच मान्य नाही. ज्या रस्त्यावर भाजीवाली बसते तिथे संध्याकाळी बाया बिनधास्त चालतात, कारण रस्त्यावर कुणीतरी असतं.

सिग्नलचंही एक छोटं गणित करून बघा. रस्ता १८ मीटर रुंद आहे. तरुण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालला तर पंधरा सेकंदांत ओलांडतो. गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालतात, त्यांना बावीस-तेवीस सेकंद लागतात. दहा सेकंदांचा हिरवा माणूस दाखवणारा सिग्नल त्यांना रस्त्याच्या मधोमध सोडून देतो. एक तर वेळ वाढवायचा, नाहीतर दुभाजकात उभं राहण्याजोगी, किमान दीड-दोन मीटर रुंद, सपाट जागा करायची, म्हणजे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो.

फूटपाथ टेपने मोजा

फूटपाथ 'आहे' असं नगरपरिषदेच्या कागदावर असतं. टेप घेऊन त्यावर गेलं की खरी रुंदी कळते. दोन मीटरच्या फूटपाथमध्ये आधी महावितरणचा डीपी. त्यापुढे झाडाचं लोखंडी कुंपण. त्यापुढे दुकानाची पायरी बाहेर आलेली. मग चेंबरचं झाकण चार बोटं वर. आणि दर पन्नास पावलांवर कुणाच्या तरी फाटकासाठी फूटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. शेवटी सलग चालायला उरतात साठ सेंटिमीटर. लोक रस्त्यावरून चालतात ते शिस्त नाही म्हणून नव्हे.

इंडियन रोड्स काँग्रेसची फूटपाथांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं साध्या भाषेत अशी आहेत: चालण्यासाठी किमान १.८ मीटर पूर्ण मोकळी जागा, वर २.२ मीटरपर्यंत फांदी, बोर्ड काही आडवं नको, आणि फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. बाजारात रुंदी त्याहून जास्त. खांब, डीपी, झाडं, बाक, टपऱ्या यांसाठी रस्त्याच्या बाजूला वेगळा पट्टा, आणि दुकानासमोर उभं राहून बघणाऱ्यांसाठी भिंतीलगत थोडी जागा. मधला पट्टा फक्त चालणाऱ्यांचा. फाटकापाशी फूटपाथने उतरायचं नाही, गाडीने चढायचं. एवढ्या एका नियमाने किती फरक पडतो हे गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही विचारा.

नांदेडमध्ये २००८ च्या शिखांच्या गुरुता गद्दी सोहळ्याच्या वेळी काही रस्ते अशा विचाराने आखले गेले, पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना वेगळी जागा ठेवून. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. म्हणजे हे ज्ञान परदेशातच आहे असं नाही. आपल्याकडे अडतं ते देखभालीपाशी. फूटपाथ बांधायला निधी येतो, पण तुटलेली फरशी बसवायला आणि त्यावर लावलेली गाडी उचलायला रोजचा माणूस नेमलेला नसतो.

मग सायकल ट्रॅक कुठे?

जिथे वेग उतरवता येत नाही तिथेच. गावाबाहेर एमआयडीसीकडे, साखर कारखान्याकडे, कॉलेजकडे जाणारे रस्ते, जिथे ट्रॅक्टर, ट्रक आणि एसटी चालणारच आहेत, तिथे सायकलला उंचवट्याने वेगळी केलेली वाट हवी. रंगाची रेघ पुरत नाही. ती वाट चौकात तुटता कामा नये. पुण्यात बीआरटीच्या, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका असलेल्या रस्त्यांकडेला झालेल्या सायकल ट्रॅकचं नेमकं हेच दुखणं होतं. तुकडे झाले, पण ते एकमेकांना जोडले गेले नाहीत. दोन किलोमीटर सलग, शाळेच्या फाटकापर्यंत पोचणारी वाट ही वीस किलोमीटरच्या तुकड्यांपेक्षा मोलाची.

कोणत्या रस्त्यापासून सुरुवात करायची याचं उत्तरही शाळांच्या फाटकांपाशीच मिळतं. मानव विकास कार्यक्रमात राज्य सरकार मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देतं. सायकल मुलीच्या हातात आली, पण तिने ती ज्या रस्त्यावरून शाळेत न्यायची त्याची जबाबदारी त्या योजनेत कुणाकडेच नाही. दर तालुक्यात त्या मुली कोणत्या गावांतून, कोणत्या रस्त्याने येतात याची यादी शाळेकडे असते. ती यादी म्हणजेच सायकल मार्गांचा आराखडा. सल्लागार नेमायच्या आधी ती मागवा.

सायकलवाल्याच्या नजरेतून रस्ता बघितला की आणखी काही गोष्टी दिसतात. गटारावरच्या लोखंडी जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवल्या असतील तर पुढचं चाक त्यात अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. जाळी फिरवून पट्ट्या आडव्या केल्या की धोका गेला. डांबराचा नवा थर आणि कडेची माती यांत विताएवढी पायरी राहते, मागून एसटीने हॉर्न दिला की सायकल त्या पायरीवरून घसरते. ती भरून घ्यायचं काम रस्त्याच्या ठेक्यातच लिहायला हवं. आणि सावली. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये सावलीशिवाय चालणं ही शिक्षा आहे. रस्तारुंदीकरणात जुने कडुलिंब, वड, चिंचा पाडायच्या आणि नंतर सायकलला प्रोत्साहन द्यायचं, हे एकत्र होऊ शकत नाही.

दुकानदारांची भीती खरी असते, तिला हसू नये. गाडी दारात आली नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, असं त्यांना वाटतं. पोंतेवेद्रातही सुरुवातीला व्यापाऱ्यांचा विरोध झाला होता. पण दारात उभी असलेली गाडी बहुतेक वेळा कुणाची असते, हे एकदा बघावं. सकाळी नऊला लावून रात्री नऊला काढलेली, म्हणजे दुकानदाराची किंवा शेजाऱ्याचीच असते. एका मोटारीला साडेबारा चौरस मीटर जागा लागते, तेवढ्यात दहा सायकली उभ्या राहतात. माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ द्या, थोडा वेळ थांबणाऱ्यांसाठी पंधरा मिनिटांच्या जागा ठेवा, दिवसभर लावणाऱ्यांकडून पैसे घ्या, आणि हे सगळं आधी एका गल्लीत दोन महिने करून बघा.

कुणाकडे जायचं?

गावातला प्रत्येक रस्ता नगरपरिषदेचा नसतो. पेठेतले रस्ते तिचे, पण मुख्य रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, नाहीतर राष्ट्रीय महामार्गाचा. अर्ज करण्याआधी रस्ता कुणाचा हे शोधा, नाहीतर कागद वर्षभर टेबलं बदलत राहतो. वेगमर्यादा, गतिरोधक आणि धोकादायक चौक यांचे विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे नेता येतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८-अ सांगतं की रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की चालण्याजोगा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अर्जात या दोन्हींचा उल्लेख करा.

अर्जासोबत मोजमाप जोडलं तर त्याचं वजन वाढतं, आणि ते कुठल्याही शाळेतली आठवी-नववीची मुलं करू शकतात. शाळेसमोरच्या रस्त्याच्या कडेला खडूने ५० मीटर अंतरावर दोन खुणा करायच्या. मुलांनी शिक्षकांबरोबर फूटपाथवर किंवा शाळेच्या कुंपणाआत उभं राहून, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर प्रत्येक वाहनाला त्या दोन खुणांमध्ये किती वेळ लागतो ते लिहायचं. सहा सेकंद लागले तर वेग ताशी ३०. ३.६ सेकंद लागले तर ५०. त्याहून कमी लागले तर त्याहून जास्त. शाळा भरायच्या आधीचा अर्धा तास आणि सुटल्यानंतरचा अर्धा तास, आठवडाभर नोंदी ठेवायच्या. तो तक्ता, रस्त्याची टेपने मोजलेली रुंदी आणि फूटपाथची खरी मोकळी रुंदी, असे तीन कागद मुख्याधिकाऱ्यांकडे आणि रस्ता सुरक्षा समितीकडे द्यायचे आणि पोच घ्यायची. काम झाल्यावर त्याच जागी, त्याच वेळी, त्याच मुलांनी पुन्हा मोजायचं.